पोस्टकार्डाएवढी जमीन

डोंबिवलीकर माणूस जागेच्या बाबतीत फार हिशेबी असतो. फास्ट लोकलमध्ये ‘चौथी सीट’ म्हणून जी काय तीन-चार इंचांची पट्टी वाट्याला येते, तिच्यावर अर्धे अंग टेकवून तो दादरपर्यंत जातो, वर पेपर वाचतो, आणि उठताना ती पट्टी कुणाच्या हवाली करायची हेही डोळ्यांनीच ठरवून ठेवतो. त्यामुळे आमच्या भाच्याने जेव्हा आपल्या गाडीच्या बुडाखालची जागा वाढवायचे ठरवले, तेव्हा घरात कुणालाही त्यात वावगे वाटले नाही.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, मुलगा. त्याच्यापाशी एक जुनी आल्टो आहे. तिच्या टायरवर १४५/८० आर १२ असे लिहिलेले असते. हा टेलिफोन नंबर नव्हे. १४५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, ती रुंदीच्या ऐंशी टक्के. १२ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, तो मात्र इंचात. (मधला ‘आर’ टायरच्या बांधणीचा, त्याचे आपल्याशी काही भांडण नाही.) मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच इतके गुण्यागोविंदाने एका ओळीत नांदताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत, आमच्या जुन्या वाड्यात तर नक्कीच नाही.

तर हे टायर काढून भाच्याने १७५/६० आर १३ बसवले. सोबत चकचकीत अलॉय व्हील. बाहेरून मोजले तर चाकाची उंची जवळपास तेवढीच, तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे. वाढली ती रुंदी. टायर कुणा मित्राकडचे होते. “जुने, पण नव्यासारखे!” असे तो म्हणाला. हे शब्द मी यापूर्वी एका फ्रिजच्या, एका स्कूटरच्या आणि एका स्थळाच्या बाबतीत ऐकलेले होते.

“मामा, तीन सेंटिमीटर रुंदी वाढली. म्हणजे तेवढी पकड वाढली. साधं लॉजिक आहे.”

आमच्या इमारतीत एक निवृत्त सर राहतात. चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे साधे लॉजिक त्यांना सहन होत नाही. ते पहिल्या मजल्यावरूनच गरजले, “घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं! आमोंतों, सोळाशे नव्याण्णव!”

आमोंतों हा फ्रेंच गृहस्थ. त्याचा नियम ठोकळ्यांना लागू पडतो. पण रबर हा ठोकळ्यासारखा सरळमार्गी प्राणी नाही. रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत तो शिरतो, चिकटतो, ताणला जातो. तेव्हा दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते. वाद अडीच तास चालला तो त्यामुळेच. एक जण पुरता चुकलेला असता तर चहाच्या आत आटोपला असता.

शेवटी सरांनी लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. गाडी, चार माणसे आणि अक्काचे डबे मिळून हजार किलो धरा. एका चाकावर आले अडीचशे. टायरमध्ये हवा तीस पौंडांची, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या किंचित वर. भागाकार केला की एकशेवीसच्या आसपास चौरस सेंटिमीटर येतात.

“म्हणजे किती?” अक्काने विचारले.

“म्हणजे एक पोस्टकार्ड,” सर म्हणाले.

मी हादरलोच. अख्खे कुटुंब चार पोस्टकार्डांवर बसून घोडबंदर रोडने जाते? हिशेब ढोबळ आहे, टायरची भिंतही थोडा भार उचलते, पण गोष्ट खरी आहे. (लोकलचे तर विचारूच नका. लोखंडी चाक रुळाला टेकते ते एखाद्या नाण्याएवढ्या जागेत. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी आली, तीही अशा चिल्लरीवरच उभी होती.) आणि गंमत अशी की टायर रुंद केला तरी वजन तेच आणि हवा तीच, म्हणून पोस्टकार्डही जवळपास तेवढेच राहते. फक्त उभे होते ते आडवे होते.

आडव्याचा फायदा मात्र आहे, आणि भाच्यावर अन्याय नको म्हणून तो सांगतो. वळणावर टायरचा तळ पिळवटतो. लांबट, अरुंद तळ जास्त पिळवटतो आणि त्याची मागची बाजू आधी घसरू लागते. रुंद आणि आखूड तळ कमी पिळवटतो, त्यामुळे गाडी स्टिअरिंगचे चटकन ऐकते. शर्यतीच्या गाड्यांना मऊ रबराचे रुंद टायर असतात ते उगाच नव्हे. मे महिन्यात भाच्याने आम्हाला येऊरच्या चढावर नेले. तिथल्या वळणांवर गाडी अशी चिकटून वळली की सरांनीसुद्धा आमोंतोंचे नाव काढले नाही. स्टिअरिंग थोडे जड झाले होते, आणि पेव्हर ब्लॉकच्या कडेवर गाडी आपल्याच मनाने उजवीकडे जाई, पण एवढे सौंदर्यासाठी कुणीही सोसतो.

मग पाऊस आला.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकायचा असतो. आता टायरपुढे पाणी आले की ते बाजूला सारल्याखेरीज रबर रस्त्याला भेटत नाही. डोंबिवली स्टेशनचा पूल डोळ्यांपुढे आणा. सडपातळ माणूस गर्दी कापत जातो. रुंद माणसाला गर्दीच उचलून नेते. टायरचे तेच. अरुंद टायर पाणी कापतो, रुंद टायर लवकर पाण्यावर चढतो. स्वीडनच्या बर्फातल्या रॅलीतही अरुंद टायरच वापरतात, तो बर्फात दात रोवतो म्हणून.

आमचे भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला ठाण्याला जातात. नेणे-आणणे भाच्याकडे, आणि सोबत मी, कारण भाऊजींना क्रिकेटवर भांडायला माणूस लागतो. जुलैमधल्या एका दुपारी आम्ही परतत होतो. मुंब्रा बायपासवर डोंगराकडून पाणी आडवे वाहत होते. वेग साठ-सत्तरचा असेल. एकाएकी रस्त्याचा आवाज बंद झाला. इंजिन ऐकू येत होते, पाऊस ऐकू येत होता, फक्त खालचा रस्ता गेला. भाच्याच्या हातात स्टिअरिंग पंख्याच्या रेग्युलेटरसारखे हलके फिरले आणि गाडी होती तशीच सरळ चालली, कंटेनरच्या दिशेने. त्याने ब्रेक मारला नाही, हे त्याचे शहाणपण. पाय फक्त उचलला. दोन सेकंदांनी आवाज परत आला.

भाऊजी डोळे मिटून होते. थोड्या वेळाने म्हणाले, “गावसकर पण असाच चेंडू सोडून द्यायचा.”

शिळफाट्याच्या पुढे टायरवाल्या अण्णांचे दुकान आहे. अण्णा केरळातले, पण मराठी तुमच्या-आमच्याहून स्वच्छ. त्यांनी टायरच्या नक्षीत काडी घातली, नखाने खूण केली आणि फूटपट्टीवर धरली. “दोन मिलिमीटर. कायदा सांगतो १.६. म्हणजे कायद्यात बसतो, पाण्यात नाही बसत.” मग हवा तपासली. चोवीस. “तीस पाहिजे. हवा कमी असली की टायर लवकर तरंगतो. रुंदीचं आपण नंतर बोलू. आधी रबर, मग हवा, मग रुंदी.”

घरी येऊन हे सरांना सांगितले, तर ते म्हणाले की नासाच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून हेच सांगितले आहे. अण्णांनी काडीपेटीवर भागवले, एवढाच फरक.

त्याच रविवारी भाच्याने माळ्यावरची जुनी चाके उतरवली, त्यांवर नवे १४५ चे टायर चढवले आणि गाडीला लावली. गाडी पुन्हा बारीक पायांची दिसू लागली, शेजारच्या मुलाने “दादा, टायर आजारी पडले का?” असे विचारलेही. अलॉयवाली चाके मग अक्काच्या गॅलरीत आली, दोन-दोनची चवड करून. एका चवडीवर तिने तुळशीची कुंडी ठेवली. दुसरीवर पाट टाकला, आणि डायलिसिसहून आले की भाऊजी तिथे कपबशी ठेवून चहा घेऊ लागले.

दसऱ्याला आकाश स्वच्छ झाले. भाचा जॅक घेऊन गॅलरीत आला.

“बाबा, आता नवे टायर टाकून हे चढवतो. काढू का?”

भाऊजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, “तुळशीखालचे काढ. हे राहू देत.”

दोन चाकांवर गाडी कशी चालायची, यावर सर आता लाइटबिल शोधताहेत.