अभ्यागताची कसोटी

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या पट्टीत पावणे हे गाव आहे. १९६०च्या दशकापासून या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी पुढे संगणकांवर चालणारे व्यवसायही आले. ग्रामनामाची व्युत्पत्ती काहीही असो, बोलीत ‘पावणे’ म्हणजे पाहुणे. आणि इथल्याच एका गाळ्यात बसून एक तरुणी संकेतस्थळासाठी बाहेरचे लेखक निवडते.

तिने मराठीत एम.ए. केले आहे. रोलां बार्थचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध (१९६७) आणि ‘लेखक म्हणजे काय?’ हे मिशेल फूकोचे व्याख्यान (१९६९) तिने परीक्षेसाठी अभ्यासले होते. लेखकाला बाजूला सारून संहिता वाचायची, हा तेव्हा तिला वाचकाच्या मुक्तीचा मार्ग वाटला होता. आता तिच्यापुढे निनावी नमुनालेख येतात. ते तपासण्याचा तक्ता ठरलेला आहे: शब्दसंख्या, नेमून दिलेले शोधशब्द, अन्य मजकुराशी असलेले साम्य, शुद्धलेखन, अनोळखी शब्द, मुदत. मोबदला शब्दांच्या हिशेबाने मिळतो. नमुनालेखाला तोही नाही.

एकदा ‘पावसाळ्यातील मासे’ हा विषय दिला होता. आलेले बहुतेक लेख एकमेकांची सावली वाटावेत असे होते. एका लेखात मात्र ‘वलगण’ हा शब्द आला: पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध शेतांपर्यंत चढतात, ती वेळ. उधाण, खाजण, भाताची खाचरे यांचा परस्परसंबंध लेखकाने चार वाक्यांत मांडला होता. तो इथल्याच आगरी घरातला असावा, असे तिला वाटले. तक्त्याप्रमाणे त्या लेखात सात अनोळखी शब्द होते. लेख नापास झाला. तिने तो परत पाठवला आणि ‘भाषा सर्वांना समजेल अशी करावी’ असा ठरावीक शेरा दिला.

तिची बाजू निराधार नव्हती. विदर्भातल्या वाचकाला ‘खाजण’ अडेल, हे खरेच. परंतु अडलेला शब्द समजावून देता येतो. तो चूक ठरत नाही. तक्त्याला चूक आणि ज्ञान यांतला फरक कळत नव्हता. तिला तो कळत होता, आणि तरीही तिने तक्त्याचाच आधार घेतला.

मराठीत बाहेरच्या लेखकांकडून लिहवून घेण्याची परंपरा जुनी आहे. वाईला सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या त्या प्रकल्पात बाहेरच्या तज्ज्ञांना ‘अभ्यागत संपादक’ म्हटले जाई. तेथेही भाषा एकसारखी केली जाई, काटछाट होई. पण नोंदीखाली लेखकाचे नाव राही. अभ्यागत हाही पाहुणाच. मात्र त्याला नावाने ओळखले जाई. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ५७वे कलमही हेच वेगळ्या भाषेत सांगते: हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही कृती आपली आहे असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार उरतो. शब्दामागे पैसे मोजून घेणारा लेखक तो अधिकार सहसा बजावत नाही, कारण पुढचे काम त्याला हवे असते.

बार्थने ज्या लेखकाला निरोप दिला, तो अर्थावर सत्ता गाजवणारा लेखक होता. पावण्यात ज्याचे नाव पुसले जाते, त्याच्याकडे तशी सत्ता कधी आलेलीच नव्हती. एकच सिद्धान्त दोघांना लावला, तर मुक्ती आणि बेदखली यांतली रेघ पुसट होते.

दोन दिवसांनी लेख दुरुस्त होऊन आला. ‘वलगण’ गेले होते. त्या जागी ‘पावसाळ्याच्या सुरुवातीला’ असे होते. खाजण गेले, उधाण गेले, ती चार वाक्येही गेली. लेख तक्त्यात पूर्ण बसला. लेखकाची निवड झाली आणि त्याला पुढचे दहा विषय मिळाले. लेख निनावी प्रसिद्ध झाला.

पहिला मसुदा तिने पुसलेला नाही. तो ‘नापास’ या नावाच्या कप्प्यात आहे, आणि पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीला ती तो उघडून वाचते.