डालग्यावरचं पोतं

पहाटे साडेचारला भोकरच्या आमच्या कॉलनीत शेजारच्या मावशींचा तुरेवाला आरवतो. मुदखेड-आदिलाबाद मार्गावरच्या गाड्यांच्या शिट्ट्याही अवेळी ऐकू येतात, पण त्यांच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. कोंबड्याविरुद्ध मात्र अर्ज करायचं ठरलं, आणि अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

इथे पूर्वी कापसाचं रान होतं. प्लॉट पडले, स्लॅबची घरं उठली. मावशींचं पत्र्याचं घर तेवढं आधीपासूनचं. दारात पंधरा-वीस कोंबड्या, दोन कोंबडे. बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी गावरान अंडी लागली की सगळी कॉलनी त्यांच्याकडेच जाते. तक्रारदारांची घरंही त्यात आली.

अर्जाला आधार शोधू लागलो, तर हे भांडण जगभरचं निघालं. २०१९ साली पुण्याच्या सोमवार पेठेत एका बाईंनी आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्ध समर्थ पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मॉरिस नावाच्या कोंबड्याचा खटला न्यायालयात गेला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. केरळात अडूरला २०२५ मध्ये महसूल अधिकाऱ्यांनी शेजाऱ्याच्या माडीवरचं खुराडं १४ दिवसांत हलवण्याचा आदेश दिला. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. एवढं जमल्यावर अर्ज तासाभरात झाला. फक्त तारीख राहिली होती.

तारीख घालण्याआधी मावशींकडे गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या मागच्या अंगणात पाय ठेवला नव्हता, याची लाज वाटली. एक काळी कोंबडी खुडूक बसली होती. मावशींनी तिच्या पोटाखालून एक अंडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तापल्या कपाळाला हात लावावा तशी त्याची ऊब. पण कोपऱ्यातून नाकात झोंबणारी घाणही येत होती, शेजारी सांगत होते तशीच. पाण्याचं मडकं झिरपून खालची शिट ओली राहत होती, वास तिथला होता.

शेजाऱ्यांची रोगाची भीतीही खोटी नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या गेल्या. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले, आणि आपल्याच जिल्ह्यात, लोह्याच्या किवळ्यात, तो रोग सापडला. असं झालं की आजूबाजूचे धडधाकट पक्षीही मारून पुरावे लागतात. हे मी मावशींना सांगितलं. त्या कणी टाकत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, मागं मानमोडी आली तवा एका रातीत अकरा गेल्या. म्या कुणाला अर्ज करावा?"

मला उत्तर देता आलं नाही. मानमोडीची लस कुठे मिळते ते तेवढं सांगितलं.

जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलंय की कोंबड्याच्या शरीरातच घड्याळ असतं, उजेड नसला तरी तो वेळेवर आरवतो. चार कोंबडे एकत्र असले तर मानाने थोरला आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून. त्याला दटावून उपयोग नाही, पण आरवायला मान ताणून वर करावी लागते. मावशींना हे संशोधकांआधीच ठाऊक होतं. "डालगं ठेंगणं घेतलं की आवाज दबतो," त्या म्हणाल्या, "पर कुणी येऊन सांगितलंच न्हाई."

कॉलनीतल्या आम्हा सगळ्यांचं चुकलं ते इथे. सहा महिने आम्ही आपसांत कुरकुर केली, नियम शोधले, आणि वीस पावलांवरच्या दारात कोणी गेलं नाही.

आता तुरेवाला रात्री ठेंगण्या डालग्याखाली असतो, वर गोणपाट. मडकं विटांवर ठेवलंय, खाली आरा गिरणीतला भुसा, दर रविवारी बदललेला. वास गेला. आवाज पुरता गेला नाही. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजोबांना गोळी घेऊनही उशिरा झोप लागते, साडेचारला ते अजून दचकून उठतात. त्यांचंही खरंच आहे. त्यांच्यासाठी मावशींनी दुसरा कोंबडा बहिणीच्या शेतावर पाठवला.

अर्ज माझ्या कपाटात आहे. तारीख घातलेली नाही.