आपण घेतली तर?

माझ्या धाकट्या बहिणीचे घर फ्रान्समध्ये, लियों शहरात आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या सासूबाई घसरून पडल्या आणि त्यांच्या गुडघ्याचे हाड मोडले. हाड सांधले, पण पडण्याची जी धास्ती मनात बसली ती काही जाईना. डॉक्टरांनी रोजच्या व्यायामाची सूचना दिली, तरी बाई खुर्ची सोडीनात. मुलाचे व सुनेचे सांगणे त्यांना नकोसे झाले होते. "परक्याचे ऐकतील," असे म्हणून बहिणीने ती कामगिरी माझ्यावर सोपविली. त्यांना इंग्रजी येत नाही. मला फ्रेंच येत नव्हते. परंतु भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा. चार वाक्यांचे ते काय, अशा गुर्मीत मी शब्दकोश उघडला.

नामे लवकर पाठ झाली. धावण्याच्या यंत्राला 'तापी द कूर्स', म्हणजे धावण्याचा गालिचा. आणि जागच्या जागी चालवावयाच्या सायकलीला 'व्हेलो दापार्तमाँ', घरातली सायकल. हाती धरावयाच्या वजनांच्या 'आल्तेर' या शब्दाने मात्र छळले. रूप स्त्रीलिंगी वाटते, शब्द पुल्लिंगी! खुद्द फ्रेंच माणसेही तेथे चुकतात हे कळल्यावर जिवाला बरे वाटले.

खरी ठेच लागली ती क्रियापदाशी. 'इल फो आश्ते', विकत घेतली पाहिजे, असे मी दूरध्वनीवर ठणकावून सांगितले. पलीकडे शांतता. मग एक कोरडे "मेर्सी", आणि संभाषण संपले. हुकूम सोडणाऱ्यांत आणखी एकीची भर पडली होती.

व्याकरण पुन्हा चाळताना आढळले की, काही सुचवावयाचे असता फ्रेंच लोक 'जर'ला भूतकाळी रूप जोडतात: 'सी ओनाश्ते'. इंग्रजीतील स्पष्टीकरण तीनदा वाचूनही उलगडा होईना. मग एकाएकी ध्यानात आले, अहो, हे तर आपले 'घेतली तर?' रूप भूतकाळाचे, पण घेणे अजून व्हावयाचेच आहे. शिवाय त्यातला 'ओं' येथे नेमके आपल्या 'आपण'चे काम करतो. आजी औषध नाकारी तेव्हा आई म्हणे, "आपण एवढे घेतले तर?" गंमत अशी की, 'आश्ते' हा उच्चार दोन्ही फ्रेंच वाक्यांत जवळजवळ एकच, फरक सारा त्याच्या आधीच्या दोन शब्दांत.

पुढच्या रविवारी मी भीतभीतच विचारले, "सी ओनाश्ते अँ व्हेलो दापार्तमाँ?"

बऱ्याच वेळाने उत्तर आले, "ए ऊ ल मेत्र?" आणि ठेवायची कुठे?

बहीण तोवर टेप घेऊन खिडकीजवळची जागा मोजू लागली होती.