लूव्हेन : सहा शतकांचें विद्यापीठ

ब्रुसेल्सहून आगगाडीनें पूर्वेकडे निघालें म्हणजे सुमारें अर्ध्या तासांत लूव्हेन हें लहानसें शहर लागतें. मध्यभागीं असलेलें येथील नगरभवन पंधराव्या शतकांतील असून, दगडाची एवढी नाजूक जाळी मनुष्याच्या हातानें कोरली असेल हें प्रथमदर्शनीं खरेंच वाटत नाहीं. पलीकडे जुन्या विटांच्या घरांची बेगिनहोफ नांवाची वसाहत आहे. आजन्म व्रत न घेतां धर्माचरणानें राहणाऱ्या स्त्रिया पूर्वीं तेथें रहात. १९६२ सालीं विद्यापीठानें ही वसाहत विकत घेतली, तिचा जीर्णोद्धार केला, आणि आतां तेथें विद्यार्थी व परदेशचे पाहुणे पंडित राहतात. या एका उदाहरणावरूनच लक्षांत येतें कीं, या गांवांत विद्यापीठ कोठें सुरू होतें आणि गांव कोठें संपतें, हें सांगणें सोपें नव्हे.

पोप पांचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्रानें १४२५ सालीं हें विद्यापीठ स्थापन झालें. म्हणजे २०२५ सालीं त्याला ६०० वर्षें पूर्ण झालीं. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या तीन भाषांचें प्रसिद्ध विद्यालय येथें १५१७ सालीं निघालें व त्यामागें इरॅस्मसची प्रेरणा होती. नकाशाकार मर्केटर आणि शरीररचनाशास्त्राचा आद्य पंडित व्हेसॅलियस हे दोघेही येथलेच विद्यार्थी.

परंतु या विद्यामंदिराचें भाग्य सरळ नाहीं. १९१४ च्या ऑगस्टमध्यें जर्मन सैन्यानें शहराला आग लाविली, तींत ग्रंथालय भस्म झालें आणि सुमारें ३ लाख ग्रंथ गेले. युद्धानंतर अमेरिकन लोकांच्या वर्गणींतून नवी इमारत उठली. तिच्या दगडांवर वर्गणी देणाऱ्या शाळा-कॉलेजांचीं नांवें आजही वाचावयास मिळतात. जर्मनीनें ग्रंथ भरून द्यावे, असें कलम व्हर्सायच्या तहांतच घालण्यांत आलें होतें. पण मे १९४० मध्यें ही नवी इमारतही जळाली, व या खेपेस सुमारें ९ लाख ग्रंथ नष्ट झाले. इमारत पुन्हां पूर्वीसारखी बांधून काढली गेली.

दोन्ही आगी परक्यांच्या युद्धांतील. तिसरा घाव मात्र घरचाच होता. बेल्जममध्यें उत्तरेस फ्लेमिश व दक्षिणेस फ्रेंच बोलणारे लोक आहेत. फ्लेमिश मुलुखांतील या गांवीं फ्रेंच विभाग नको, म्हणून १९६८ सालीं एवढी चळवळ झाली कीं, त्यापायीं देशाचें मंत्रिमंडळ कोसळलें. अखेर विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच विभागासाठीं दक्षिणेकडे ‘नवें लूव्हेन’ हें अगदीं नवें शहर वसविण्यांत आलें. ग्रंथालयाची वांटणीही झाली, आणि ती बऱ्याच अंशीं ग्रंथांचे क्रमांक सम आहेत कीं विषम, यावरून! एकत्र कुटुंबांत भांडीकुंडीं वांटून घेतांना काय होतें, तें वाचकांस ठाऊक आहेच. येथें तर ज्ञानाचीच वांटणी झाली.

आतां नवल असें कीं, घर दुभंगलेलें हें विद्यापीठ आज साऱ्या युरोपच्या सहकारी संशोधनांतील एक मुख्य खांब आहे. युरोपीय देशांनीं संशोधनासाठीं सामाईक निधीच्या योजना १९८४ पासून चालविल्या आहेत. सध्यांची ‘होरायझन युरोप’ ही योजना २०२१ ते २०२७ पर्यंतची असून, तिच्यासाठीं सुमारें ९५.५ अब्ज युरोंची तरतूद आरंभीं ठरविली गेली. तिचा नियम पाहण्यासारखा आहे. सहकारी प्रकल्प मांडावयाचा तर सामान्यतः निदान तीन निरनिराळ्या देशांतील तीन स्वतंत्र संस्था एकत्र आल्या पाहिजेत. त्यांतील एक संस्था पुढारीपण पत्करते. अर्ज जुळविणें, पैसा सोबत्यांस वांटणें, हिशेब राखणें व ब्रुसेल्सला जाब देणें हीं कामें तिच्याकडे येतात. निघालेल्या शोधावर हक्क कोणाचा, हेंही आधीं लेखी ठरवून ठेवितात. वांटणीचे तंटे मागाहून मिटविण्यापेक्षां आधींच मिटवावे, हें शहाणपण लूव्हेनला कोणी शिकवावयास नको! शोध व्यवहारांत आणण्यासाठीं या विद्यापीठानें १९७२ सालींच स्वतंत्र कचेरी काढली. सूक्ष्म विद्युत्-उपकरणांची जगप्रसिद्ध ‘आयमेक’ संस्थाही १९८४ सालीं येथेंच जन्मास आली.

पण सहकार्याचा खरा आत्मा नियमांत नसतो. १९७६ सालीं गॉटिंगेन येथील एका परिषदेंत लूव्हेनचे वैद्यकसंशोधक एरिक डी क्लर्क आणि प्रागचे रसायनज्ञ आंतोनिन होली यांची गांठ पडली. प्राग तेव्हां कम्युनिस्ट अमलाखालीं होतें. तरीही होलींनीं नवे पदार्थ तयार करावे व डी क्लर्क यांनीं ते विषाणूंवर पारखून पहावे, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. त्यांतूनच पुढें ‘टेनोफोव्हिर’ हें औषध निघालें. अमेरिकेंतील एका कंपनीनें तें सिद्धीस नेलें व २००१ सालीं तेथें त्यास मान्यता मिळाली. एड्सच्या विषाणूस आवरणाऱ्या मुख्य औषधांत त्याची गणना होते, आणि आपल्या देशांतील कारखान्यांतही तें मोठ्या प्रमाणावर तयार होतें. दोन माणसांच्या परस्परविश्वासाचें हें फळ होय.

याची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. अर्ज लिहिण्यांत प्राध्यापकांचे महिनेच्या महिने जातात, आणि बहुतेक अर्ज नाकारले जातात. शिवाय प्रत्येक मोठा विचार मंडळींच्या बैठकींतून निघतो, असेंही नाहीं. विश्व प्रसरण पावत आहे, हा सिद्धांत लूव्हेनचे प्राध्यापक व धर्मोपदेशक जॉर्ज लमेत्र यांनीं १९२७ सालीं मांडला तो एकट्याच्या चिंतनानें. म्हणूनच एकेकट्या संशोधकास निधी देणारें एक स्वतंत्र मंडळ युरोपनें २००७ पासून सुरू केलें आहे. एकांत आणि संगत, दोन्ही विद्येस लागतात.

याच विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याचें स्मरण आपल्याकडे अगत्यानें झालें पाहिजे. कामिल बुल्के यांनीं येथें स्थापत्याचें शिक्षण घेतलें. फ्लेमिश भाषेचा त्यांना कडकडीत अभिमान. १९३५ सालीं ते मिशनरी म्हणून हिंदुस्थानांत आले, हिंदी शिकले आणि अलाहाबाद विद्यापीठांत रामकथेच्या उगमाविषयीं व विकासाविषयींचा आपला प्रबंध त्यांनीं हिंदींतच लिहिला. १९७४ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. ज्या भाषाभिमानानें पुढें लूव्हेनचीं दोन शकलें केलीं, त्याच अभिमानानें या एका माणसाला दुसऱ्याच्या भाषेचा मान राखावयास शिकविलें. स्वत्व तेंच, त्याची भिंत करावयाची कीं दार, एवढाच प्रश्न उरतो. लूव्हेननें दोन्ही करून पाहिलें आहे, आणि आज तेथलें दार उघडें आहे.