बॅरल मुरताना

पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं. पॉइंट टू टूची गोळी 5.6 मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी पुरतं, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत लागला तर दहा, आणि तिथून आत प्रत्येक 0.8 मिलिमीटरला एक दशांश गुण वाढतो. कोल्हापूरच्या आम्हा मुलींना हे आकडे तोंडपाठ. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला प्रोनची, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराची, विश्वविजेती झाली, तेव्हापासून हा खेळ आम्हाला आपला वाटू लागला. 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, 451.4 गुणांनी. असा एकेक दशांश श्वासातून येतो, ट्रिगरवरच्या बोटातून येतो, आणि काही अंशी बॅरलमधूनही येतो.

माझ्या जुन्या बॅरलनं हजारो गोळ्या पाहिल्या होत्या. शेवटी शेवटी ती दगा द्यायला लागली. शॉट सुटताच तो कुठे लागला असेल याचा अंदाज नेमबाजाला येतोच. त्याला आम्ही कॉल म्हणतो. माझा कॉल साडेदहाचा असायचा आणि स्क्रीनवर 9.6 दिसायचं. आधी पोझिशन तपासली, मग साईट, मग स्टॉकचे स्क्रू. आमच्या प्रशिक्षक सरांनी रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून स्वतः गोळ्या मारल्या. माणूस बाजूला झाला तरी अधूनमधून एखादी गोळी ग्रुप, म्हणजे बाकीच्या छिद्रांचा पुंजका, सोडून जातच राहिली. मग बॅरल बदलायचं ठरलं.

नवी बॅरल बसवून झाली त्याच संध्याकाळी मला रेंजवर जायचं होतं. सर म्हणाले, “आज फक्त साफ कर. आणि वही काढ. आधी लिहायचं, मत नंतर बनवायचं.”

कारखान्यातून येताना नळीला आतून गंजरोधक तेल लावलेलं असतं. ते पुसूनच पहिली गोळी मारायची. रॉड नेहमी चेंबरच्या बाजूनं घालायचा, तोही गाईड लावून. गोळी नळीचा निरोप घेते ती तोंडाची कड अगदी एकसारखी असावी लागते. तिथं रॉड घासून ओरखडा पडला तर चांगली बॅरलही वाया जाते. मी कापडाचा पॅच रॉडला लावून सावकाश ढकलला. चेंबरच्या पुढे, जिथं गोळी पहिल्यांदा खोबणीत शिरते, तिथं हाताला किंचित अडखळ लागली. पुढे पॅच सुरळीत गेला आणि तोंडाजवळ पुन्हा जरा घट्ट झाला. तोंडाजवळचं घट्टपण चांगलं. बरेच कारागीर ते मुद्दाम ठेवतात. चेंबरजवळची अडखळ मात्र हत्याराच्या बारीक खुणांची होती. चेंबर कापणारं हत्यार गोल फिरतं, त्यामुळे त्याच्या रेषा नळीला आडव्या पडतात. गोळ्या जाऊन जाऊन त्या गुळगुळीत होतात. ब्रेक-इनमध्ये, म्हणजे नवी बॅरल मुरवताना, पोलादाचं खरं काम होतं ते एवढ्याच भागात.

मोठ्या कॅलिबरच्या रायफलींत या कामाला फार महत्त्व देतात. तिथं गोळीवर तांब्याचं आवरण असतं. आडव्या खुणा ते खरवडतात आणि तांबं पुढे नळीत चिकटत जातं. म्हणून एक गोळी मारायची, साफ करायचं, पुन्हा एक गोळी, असा विधी कित्येक जण पाळतात. तो किती गरजेचा, यावर बॅरल बनवणाऱ्यांतही एकमत नाही. आमची पॉइंट टू टूची गोळी शिशाची, आणि तिला मेणासारखं वंगण लावलेलं. इथं तांब्याचा प्रश्नच येत नाही. उलट दर गोळीनंतर साफ करत बसलं तर नुकसान होतं. कारण पॉइंट टू टूची बॅरल तयार होते ती त्या वंगणाचा पातळ, सारखा थर आतून बसल्यावर. साफ केलं की थर गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसऱ्या दिवशी पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर पोचले तेव्हा वारा उठायचा होता. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात वाऱ्याचं वेळापत्रक आम्हाला ठाऊक असतं. ऊन चढलं की लेनवरची निशाणं हलायला लागतात आणि मग चूक वाऱ्याची की नळीची हे सांगता येत नाही. नवी बॅरल तपासायची ती पहाटेच. मी सँडबॅगवर रायफल ठेवली. पहिल्या गोळ्या इकडेतिकडे गेल्या: एक वर, एक उजवीकडे, एक पार आठात. कोरड्या नळीकडून हेच अपेक्षित होतं. मी साईटला हात लावला नाही. हळूहळू छिद्रं एकमेकांकडे सरकू लागली, मग एकमेकांत मिसळली. ग्रुप केंद्रात नव्हता, पण घट्ट झाला होता. त्यानंतरच साईटचे क्लिक फिरवले.

घरी येऊन पॅच मारला तर त्यावर राखाडी चमकते कण होते, शिशाचे. मी तो पॅच तारीख टाकून वहीत चिकटवला. पुढे दर सफाईनंतरचा पॅच असाच ठेवत गेले. आठवडे गेले तसे कण विरळ झाले. एका सफाईत रॉड चेंबरपासून निघाला आणि ती ओळखीची अडखळ लागलीच नाही. एकाच दाबानं पॅच सरळ तोंडापर्यंत गेला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते हाताला कळलं, आणि मला मनापासून आनंद झाला.

गोळ्यांच्या लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्यांची, निवड मी त्यानंतरच केली. एकाच कंपनीची, एकाच किमतीची गोळी असली तरी वेगवेगळ्या लॉटची एकाच बॅरलमध्ये वेगळी वागते. बॅरल मुरायच्या आधी लॉट तपासले तर निष्कर्ष बॅरलबरोबर बदलत जातो आणि महागडा दारूगोळा फुकट जातो. आमच्या गोळ्या परदेशातून येतात, मोजून मिळतात. उधळपट्टी परवडत नाही. लॉट बदलताना आणखी एक गोष्ट पाळावी लागते. दोन प्रकारच्या गोळ्यांचं वंगण सारखं नसतं, म्हणून नव्या लॉटच्या सुरुवातीच्या गोळ्या हिशोबात धरायच्या नाहीत. त्यांनी जुना थर पुसून आपला बसवला की मगच ग्रुप मोजायचा.

चेंबरच्या तोंडाशी जमणाऱ्या कडक काजळीवरही लक्ष ठेवावं लागतं. पॉइंट टू टूचा स्फोटक मसाला काडतुसाच्या कडेत असतो आणि बऱ्याच काडतुसांत त्यात काचेची पूडही असते. त्याची राख आणि वंगण मिळून चेंबरपुढे एक टणक कडं तयार होतं. ते वाढू दिलं तर ग्रुप फुटतो. म्हणून तेवढी जागा नियमित साफ करायची. अख्खी नळी घासायची ती मात्र क्वचितच.

या काळात माझी निवड चाचणी आली. नवी बॅरल चांगले ग्रुप देत होती, तरी ती नेमकी कशी वागते हे मला अजून पुरतं कळलं नव्हतं. मी मैत्रिणीची राखीव रायफल घेऊन उतरले आणि तो निर्णय योग्यच होता. आपलं हत्यार पुढच्या गोळीला काय करील याची खात्री नसेल, तर मन ट्रिगरवर टिकत नाही.

आता नवी मुलं विचारतात, “ताई, किती गोळ्यांनी बॅरल तयार होते?” मी आकडा देत नाही; प्रत्येक नळीचा तो निराळा असतो. मी तीन खुणा सांगते. पॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबानं जायला हवा. सफाईनंतर ग्रुप दर वेळी साधारण तेवढ्याच गोळ्यांत पूर्ववत व्हायला हवा. आणि तुमचा कॉल नि स्क्रीनवरचा शॉट यांचं जमायला हवं. तिन्ही जुळेपर्यंत वही लिहीत राहा. जुळल्या की स्पर्धेत उतरा, आणि मग बॅरलवर शंका घेऊ नका.