भाभीजींच्या मापाची डमी



मागच्या वर्षी पर्युषण जवळ आलं तरी आमच्या मोठ्या जाऊबाई स्थानकात यायचं नाव काढेनात. गुडघे दुखतात म्हणायच्या. तीन वर्षं एकाच घरात मी त्यांचं दुखणं पाहिलेलं, त्यामुळे गुडघ्यांचं काही मला पटेना. शेवटी एका दुपारी त्यांनी कपाटातून चार नवे ब्लाऊज काढून पलंगावर टाकले. "तूच बघ. एक तरी घालण्यासारखा आहे का?"

त्यांच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालंय. जखम भरली, केमो संपली, पण ब्लाऊज कोणताच बसेना. डावीकडे कापड खाली पडायचं आणि मुंढा काचायचा. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे, शिंप्याला जुना ब्लाऊज मापाला द्यायचा. अंगावरून माप घेण्याची वेळच येत नाही, आणि बायकांना ते बरंही वाटतं. पण भाभीजींचा जुना ब्लाऊज ज्या अंगाचा होता, ते अंगच आता राहिलं नव्हतं. शिंपीदादांची यात काही चूक नाही. भाभीजी त्यांना सांगणार नव्हत्या आणि ते विचारणार नव्हते.

मी शिवते म्हटलं. लग्नातलं पायाचं मशीन अजून चालू आहे. पण दर वेळी घालून बघायला हात वर करायचा म्हणजे त्यांचा खांदा भरून यायचा. म्हणून डमी घ्यायचं ठरवलं.

वडगाव रासाईत ऊस, कांदे, खतं हवी तेवढी मिळतील, डमी नाही. पुण्याला रविवार पेठेत गेले. दुकानात पुढे मांडलेल्या असतात त्या फायबरच्या, साडी नेसवून ठेवायच्या. दिसायला छान, पण टाचणी आत जात नाही. शिवणाऱ्या बाईला त्यांचा उपयोग शून्य. दुसरी फोमची, वर कापड चढवलेली. टाचणी छान टोचते, पण माप ठरलेलं. तिसरीला चाव्या असतात, फिरवल्या की छाती-कंबर वाढते. तिच्यावर मी भाळले होते. मग लक्षात आलं, चावी फिरवली की दोन्ही बाजू सारख्याच वाढतात. आमच्या भाभीजींना एक बाजू वेगळी हवी. शिवाय ही डमी मोठी होते, तिच्या सगळ्यात लहान मापाखाली जात नाही. म्हणून घेताना आपल्या मापापेक्षा थोडी लहानच घ्यावी. वर कापूस बांधून वाढवता येते, कापून कमी करता येत नाही.

रिकाम्या हाताने परत आले. येताना हार्डवेअरच्या दुकानातून कापडी चिकटपट्टीची तीन रिळं तेवढी आणली.

घरी डमी करायची रीत अगदी साधी आहे. जुना, अंगाला बसणारा सुती टी-शर्ट घालायचा, त्यावर पट्टीचे तुकडे चिकटवत जायचे, छातीखाली आडवेतिडवे, दोन-तीन थर. पण त्याआधी आतले कपडे रोज घालतो तेच हवेत. भाभीजी डावीकडे सुती दोऱ्याने विणलेला गोळा ठेवतात, तो ठेवूनच पट्टी लावली. (असे गोळे विणून मोफत देणाऱ्या स्वयंसेविका आहेत, निटेड नॉकर्स नावाने, उपक्रम अमेरिकेतला, पण भारतातही चालतो. कुणाला गरज असेल तर संकोच करू नका.) आवळून गुंडाळू नका, श्वास नेहमीसारखा चालू दे. शेजारी खुर्ची असू द्या. तासभर उभं राहून चक्कर येते. पुढच्या मध्यावर आणि कमरेवर पेनाने रेघ मारायची, मग पाठीमागून बोथट टोकाच्या कात्रीने कापून कवच काढायचं, पुन्हा जोडायचं आणि आत चिंध्या भरायच्या.

इथे मी चुकले. चिंध्या इतक्या ठासून भरल्या की छाती दीड इंच वाढली. सगळं उपसून परत भरलं, या वेळी दर वितीला टेप लावून. वर जुन्या बनियनचं कापड चढवलं, नाहीतर पट्टीचा गोंद टाचणीला लागून टाचणी कापडाला चिकटते.

आता इस्त्री. सूनबाईने वाफेची, १६०० वॅटची दिली होती. मोठी पिन म्हणून कन्व्हर्टर लावून लहान सॉकेटमध्ये घातली, आणि सॉकेट हाताला चटका बसेल इतकं तापलं. बी.कॉम. असूनही हिशोब मागाहून केला! १६०० भागिले २३० म्हणजे सुमारे ७ अँपिअर, आणि लहान सॉकेट ६ चं. मोठं १६ चं सॉकेट नसेल तर ही इस्त्री घेऊ नका. दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. मी गाळून घातलं तरी महिन्याभरात पांढरे कण कापडावर पडू लागले. गाळण्याने जीव वाचतात, क्षार तसेच राहतात.

मी पुन्हा साध्या, जड, १००० वॅटच्या इस्त्रीवर आले. आयएसआय छाप पाहून घेतली. ब्लाऊजच्या शिवणीला वजन लागतं. हलकी इस्त्री मग दाबून दाबून मनगट दुखवते. वाफ हवी तिथे मलमलचा ओला फडका ठेवते. आम्ही दोघी रेशीम घालत नाही, त्यामुळे दोन ठिपक्यांचं घर रिकामंच असतं. सुतीला तीन ठिपके, पॉलिएस्टरच्या अस्तराला एक. आणि घासायची नाही. टेकवायची, उचलायची, पुढे टेकवायची. टक्स तर सपाट टेबलावर कधीच दाबू नका, त्याची गोलाई जाते. कापडाचे तुकडे ठासून नारळाएवढी उशी केली आहे, तिच्यावर दाबते.

डाव्या हाताला चटका, टाचणी काही लागू द्यायचं नाही असं भाभीजींना डॉक्टरांनी बजावलंय. तो हात सुजू शकतो. म्हणून इस्त्री आणि टाचण्या माझ्याकडे, हुक-काजं त्यांच्याकडे, अंगुस्ताना घालून.

पहिला ब्लाऊज पांढरा, सामायिकाच्या साडीवरचा. मुंढा सैल, गळा इंचभर वर, अस्तराला डावीकडे आतून खिसा. डमीवर तीनदा उसवला. पहिले काही दिवस भाभीजी डमीवर चादर टाकून ठेवायच्या. मी काही बोलले नाही. संवत्सरीला त्या तो ब्लाऊज घालून स्थानकात आल्या, प्रतिक्रमण होईपर्यंत बसल्या, आणि येताना "काखेत अजून जरा सैल चालेल" एवढंच म्हणाल्या.

काल त्यांनी आपणहून बदामी रंगाचं सुती कापड काढून दिलं. चादर आता माझ्या मशीनवर असते. अस्तर भिजवून ठेवायचं राहिलंय, तेव्हा आज इथेच थांबते.