चाँद फिरतो, गवत फिरत नाही

आमच्या तामलवाडीत पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, बांधावर, पडीक रानात काँग्रेस गवत उगवते. पाने गाजरासारखी म्हणून कोणी त्याला गाजर गवत म्हणते. कब्रस्तानातही तेच माजते. पुण्यात ते १९५५च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. तिथून ते देशभर पसरले. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. चाऱ्याअभावी म्हशीने खाल्लेच तर दूध कडवट लागते.

गावात मय्यत झाली की कबर खोदायला जे चार-पाच जण पुढे होतात, त्यांत आमचे अब्बा असतात. काही वर्षांपासून कब्रस्तानातून आले की त्यांची मान, मनगटे आणि पापण्या लाल होतात. रात्रभर खाज. डॉक्टरांनी सांगितले, "या गवताची ॲलर्जी आहे, लांब राहा." अब्बा म्हणाले, "मय्यत झाल्यावर लांब कसा राहू?" मलम लावायचे काम माझ्याकडे आले आणि तेव्हापासून मी या गवताचा हिशेब मांडू लागले.

कब्रस्तान साफ करायची आपली ठरलेली वेळ म्हणजे शब-ए-बारात. पोरे खुरपी-कोयते घेऊन जातात, चुना मारतात, दिवे लावतात. सगळे स्वच्छ दिसते. तरी पुढच्या पावसाळ्यात गवत आणखी दाट येते. असे का?

चाँदचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते. २००८ साली शब-ए-बारात ऑगस्टमध्ये होती. भर पावसात ओल्या मातीतून गवत मुळासकट निघत असे. २०२५ साली ती फेब्रुवारीत आली. तोवर गवत वाळून बी सांडलेले असते. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया धरतात आणि त्या मातीत काही वर्षे जिवंत राहतात. म्हणजे आपण काटक्या उचलतो आणि बी तिथेच ठेवतो. वाळलेली झाडे ओढत नेली की उरलेले बीही वाटभर पेरले जाते. पुढची काही वर्षे शब-ए-बारात हिवाळ्यातच येणार. चाँदचा महिना फिरत राहतो, गवत मात्र पावसाचेच ऐकते.

म्हणून मी घरात विषय काढला की पावसाळ्यात आणखी एक सफाई व्हावी. दादी लगेच म्हणाल्या, "हरी चीज तसबीह पढती है बेटी. कबर पर का हरा नको उपाडो." त्यांचे म्हणणे बाजूला सारण्यासारखे नव्हते. कबरीवरचे हिरवे गवत उपटू नये, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. भावाने मशिदीत इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ज्याचा त्रास होतो तेवढेच काढा, बाकीच्या हिरव्याला हात लावू नका. दादींनाही ते पटले. हरळी राहिली, तरोटा राहिला, फक्त काँग्रेस गवत निघाले. तरोटा राहिला हे बरेच झाले, कारण तो दाट वाढला की या गवताला दाबून टाकतो. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी तर आपण पावसाळ्यात खातोच.

करायचे ते असे. चांगला पाऊस झाल्यावर तीन-चार आठवड्यांत, पांढरी फुले यायच्या आत, ओल्या मातीतून गवत मुळासकट उपटावे. कोयत्याने वरवर कापले तर बुडातून पुन्हा फुटते. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाका-तोंडावर रुमाल हवा. ॲलर्जी किंवा दमा असणाऱ्याने या कामाला जाऊच नये. फुले नसतील तर उपटलेल्याचे खत होते, फुले आली असतील तर ते खतात टाकू नये. एकदा काढून भागत नाही. दर पावसानंतर नवे उगवते, म्हणून दिवाळीपर्यंत महिन्यातून एक फेरी लागते. पानांवर काळ्या रेघांचे पांढुरके भुंगे दिसले तर मारू नका. मेक्सिकोहून आणलेले हे भुंगे १९८४ मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडले, कारण ते हेच गवत खातात. मात्र सगळे काम त्यांच्यावर सोपवून चालत नाही.

आमच्याकडे आता पावसाळ्यात एका जुम्याच्या नमाजनंतर पोरे जातात. दोन पावसाळे झाले. गवत संपलेले नाही, जुने बी अजून उगवतेच आहे. पण कबरींमधल्या वाटा मोकळ्या झाल्या आहेत. मागच्या पावसाळ्यात अब्बा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून कबर खोदायला गेले आणि त्या रात्री शांत झोपले.

शब-ए-बारातची सफाई आहेच, ती राहू द्या. तिच्या जोडीला आपल्या गावातला पावसाळ्यातला एक जुमा आताच ठरवून ठेवा.